केसांचा दोष की झाकणाचा?

(8 मार्चच्या निमित्ताने कळंबोलीत झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर. मुलीचे नाव बदलले आहे.)

मी बोलायला उभी राहिले की कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर बोलणार, असं तुम्ही गृहीत धरता. त्यावर आपण दर महिन्याला बोलतोच. आज मी माझ्या एका छंदाबद्दल बोलणार आहे. मला गो-कार्ट चालवायला आवडतं.

चहाच्या वेळी एकीनं विचारलं, ‘म्हणजे जत्रेतल्या धडकवायच्या गाड्या का?’ नाही. इथे धडकायचं नसतं, वळायचं असतं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार छोटी चाकं, एक सीट आणि मागे इंजिन. दार नाही, छप्पर नाही, गिअर बदलायचा नाही. उजव्या पायाखाली वेग, डाव्या पायाखाली ब्रेक. आपण जमिनीपासून इतक्या जवळ बसतो की ताशी चाळीसचा वेग ऐंशीसारखा वाटतो. 1956 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये आर्ट इंगल्स नावाच्या माणसानं गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून अशी पहिली गाडी बनवली. आजही भाड्यानं मिळणाऱ्या बऱ्याच कार्टवर साधारण 200 सीसीचं चार-स्ट्रोक इंजिन असतं. त्याच जातीचं इंजिन पाण्याच्या पंपावर आणि जनरेटरवर बसतं. म्हणजे हे काही परग्रहावरचं यंत्र नाही.

तरी मला ते परकं का वाटत होतं? आपली कळंबोली म्हणजे लोखंडाचा बाजार. दिवसरात्र ट्रक, वेल्डिंगच्या ठिणग्या, टायरवाले, ग्रीसचा वास. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आपल्या उंबऱ्यापासून सुरू होतो. एवढ्या यंत्रांच्या गराड्यात मी इतकी वर्षं काम करतेय, पण इथल्या एकाही गॅरेजात बाईच्या हातात पाना पाहिलेला नाही. गॅरेजात बाई दिसते ती डबा घेऊन आलेली. मी एम.एस.डब्ल्यू. केलं, ‘सक्षमीकरण’ या शब्दावर पानंच्या पानं लिहिली, पण पंक्चर काढणाऱ्यासमोर उभी राहिले की माझा आवाज आपोआप बारीक व्हायचा. तिशी उलटल्यावर एका मैत्रिणीनं मला ट्रॅकवर नेलं. पहिल्या फेरीत मी एवढी हळू होते की पोरं हसली. दहाव्या फेरीला मला एक वळण नीट जमलं. ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वळणात नाही. बाहेरून आत यायचं आणि पुन्हा बाहेर पडायचं. कुणाच्या मदतीशिवाय ते जमलं, याचा आनंद मला लपवता आला नाही.

मग मला त्या यंत्रात रस वाटू लागला. मेकॅनिकच्या मागे लागून मी शिकत गेले. कार्टला सस्पेन्शन नसतं, सांगाड्यालाच किंचित पीळ बसतो. मागचा आस एकसंध असतो, त्यामुळे मागची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात. मोटारीत तसं नसतं. म्हणून कार्ट वळताना आतलं मागचं चाक जरासं उचललं जावं लागतं, नाहीतर गाडी वळायला कुरकुरते. इंजिनाची ताकद साखळीवाटे या आसापर्यंत जाते. भाड्याच्या कार्टचा ब्रेकही बहुधा याच आसावर असतो. हा आस लक्षात ठेवा. तो आपल्या पाठीमागे, सीटच्या खालच्या कडेला फिरत असतो.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती सांगायला मला जड जातंय.

आपल्या किशोरी गटातल्या सहा मुलींना मी एका ट्रॅकवर घेऊन गेले. पैसे वर्गणीतून जमवले होते. त्यात सजणी होती. वय अठरा, वडील ट्रकचालक. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा अर्ज भरायचा, असं तिनं ठरवलं होतं. लांब, जाड वेणी. निघण्याआधी मी सगळ्यांना बजावलं होतं, ओढणी नको, केस बांधा. तिनं वेणी कुडत्यात खोचली होती. तिसऱ्या फेरीत वेणी बाहेर आली, सीटमागे लोंबली आणि आसात अडकली. तिचं डोकं मागे खेचलं गेलं. तिनं ब्रेकवर पाय ठेवला म्हणून इंजिन थांबलं आणि ती वाचली. डोक्याला अकरा टाके पडले.

मी धावत गेले. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला? ‘केस नीट का बांधले नाहीस?’

मैत्रिणींनो, रात्री उशिरा बाहेर का होतीस, तसे कपडे का घातलेस, नवऱ्याला उलट का बोललीस, हे प्रश्न पोलीस चौकीत विचारले जातात तेव्हा आपण टेबलावर हात आपटतो. मीही आपटलेला आहे. आणि रक्तानं भिजलेल्या मुलीला मी तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, ‘ताई, चुकलं माझं.’ ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ट्रॅकवर गेले आणि खाली वाकून ती कार्ट पाहिली. साखळीवर आणि आसाच्या त्या भागावर जे झाकण असायला हवं, ते नव्हतं. बोल्टची भोकं होती, झाकण नव्हतं. बाजूच्या कार्टला होतं. तिथला माणूस म्हणाला, ‘मॅडम, साखळीला तेल द्यायला काढलं होतं, परत लावायचं राहिलं. पण लेडीजनी केस सांभाळायला पाहिजेत ना!’ आणि मीही चूक केली होती. सहाही मुलींच्या वेण्या तपासल्या, पण एकाही कार्टखाली वाकून पाहिलं नाही.

असं आधीही घडलं आहे, आणि फार भयंकर घडलं आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये हरियाणातल्या पिंजोरला एका तरुण बाईचे, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये हैदराबादजवळ एका वीस वर्षांच्या मुलीचे केस कार्टमध्ये अडकले. दोघींचा जीव गेला. बातम्यांचे मथळे आठवा. ‘केस अडकून मृत्यू.’ यंत्र उघडं का होतं, हा प्रश्न मथळ्यात येत नाही. जणू केसच तिथे चालत गेले.

कपडा आणि चाक यांची गाठ जुनी आहे. 1927 साली फ्रान्समधल्या नीस शहरात नर्तिका इसाडोरा डंकन उघड्या मोटारीत बसली होती. गळ्यातला लांब रुमाल मागच्या चाकात अडकला आणि ती गेली. आपल्याकडे मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जाळी असते, तिला आपण साडी गार्ड म्हणतो. ती दुकानदाराची मेहेरबानी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 123 वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही इतकं चाक झाकलेलं असावं. म्हणजे सरकारनं बायकांना ‘साडी सोडा’ असं सांगितलं नाही, गाडीवाल्याला ‘चाक झाका’ असं सांगितलं. हे शक्य आहे, हे आपण लक्षात ठेवायचं. अर्थात कायद्याच्या डोळ्यांपुढे बाई मागच्या सीटवरच होती, तेही लक्षात ठेवायचं.

दुसरा कायदा पाहा. 1948 च्या कारखाना अधिनियमात 21 वं कलम होतं, धोकादायक यंत्राला कुंपण घाला. फार चांगलं. त्याला लागूनच 22 वं कलम. चालू यंत्र तपासणं, त्याला तेल देणं हे काम प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानं करावं, त्यानं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते कपडे मालकानं पुरवावेत. बाईसाठी काय? चालू यंत्राची सफाई, तेलपाणी, जुळणी अशी जोखमीची कामं तिनं करायचीच नाहीत. पुरुषाला धोका होता तर त्याला कपडे आणि प्रशिक्षण. बाईला धोका होता तर तिला मनाई. संरक्षण या शब्दाचे हे दोन अर्थ आपल्या घरातही असतात. मुलगा गाडी पाडून आला तर त्याला हेल्मेट आणतात. मुलगी पाडून आली तर गाडीची किल्ली काढून घेतात.

सजणीच्या घरी तेच झालं. कार्ट गेली ते गेलीच, पण आयटीआयचा अर्जही गेला. आई म्हणाली, ‘एक दिवस चाकाजवळ गेली तर हे झालं, दोन वर्षं जाईल तर काय उरेल?’ त्या माउलीला दोष कसा देणार? टाके तिनं मोजले होते. वडील फेरीवरून परतल्यावर मी गेले. ते काही बोलेनात. मी कार्टबद्दल सगळं सांगितलं, आस कुठे असतो, साखळी कुठे, झाकण कुठे. तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ‘झाकण नव्हतं?’ मग थोड्या वेळानं म्हणाले, क्लीनर असताना त्यांचा गमछा इंजिनाच्या पंख्यात गेला होता. मानेवरचा वण त्यांनी दाखवला. मी विचारलं, ‘मग तुम्हाला कुणी घरी बसवलं का?’ ते हसले नाहीत. उत्तरही दिलं नाही. त्या वर्षीच्या अर्जाची मुदत संपली. या वर्षीचे अर्ज अजून निघायचे आहेत. सजणीनं कागदपत्रं पिशवीत घालून माझ्याकडे ठेवायला दिली आहेत. घरात ठेवायची तिला भीती वाटते.

कुणी म्हणेल, हा पैसेवाल्यांचा खेळ, आपल्याला काय करायचंय? खरं आहे, खेळ महाग आहे. दहा मिनिटांत जाणारे पैसे आपल्यातल्या कित्येकींना दिवसभर राबून मिळत नाहीत. म्हणून मी ‘सगळ्याजणी चला’ असं म्हणत नाही. पण वेगात आणि यंत्रात बाईला गती नसते, हे मात्र कुणाकडून ऐकून घेऊ नका. इटलीची लेला लोम्बार्डी 1975 साली स्पेनमधल्या फॉर्म्युला वन शर्यतीत सहावी आली आणि अर्धा गुण मिळवला. मुंबईची स्नेहा शर्मा प्रवासी विमान चालवते आणि शर्यतीची गाडीही. तिनं सुरुवात कार्टवरूनच केली. पुण्याच्या डायना पुंडोले यांनी 2024 मध्ये मोटार शर्यतीत राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. शर्यतीच्या कार्टिंगमध्ये चालक आणि गाडी यांचं एकत्र वजन ठरावीक भरावं लागतं. कमी भरलं तर सीटला शिशाचे तुकडे बोल्टनं बसवतात. हलक्या बाईला कुणी ‘तू जा’ म्हणत नाही, शिसं बसवतात. खेळाला जे समजलं, ते कारखान्याला आणि घराला समजायला काय हरकत आहे?

मी अजून कार्ट चालवते. केस बांधते, डोक्यावर सुती टोपडं चढवते, वेणी आत गुंडाळते, मग हेल्मेट. हे मी मुलींनाही सांगते, कारण उघडं यंत्र कुणाची बाजू ऐकत नाही. पण आता त्याआधी मी खाली वाकते. आसावर आणि साखळीवर झाकण आहे का? साखळीत ढिलाई बेताची आहे का? जास्त सैल असली तर उडते, जास्त ताणली तर तुटते. चाक हातानं हलवून पाहते, बेअरिंग खेळतंय का. सांगाड्याच्या वेल्डिंगच्या जोडावर तडा आहे का, ब्रेकचं पेडल खाली जाऊन बसतंय का. ट्रॅकच्या कडेचे टायर एकमेकांना बांधलेले आहेत की नुसते रचलेत? पिवळा झेंडा दाखवायला माणूस आहे की तो मोबाईल पाहतोय? या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. तिथली माणसं वैतागतात. वैतागू देत.

हे पाच मिनिटांचं वाकून पाहणं फक्त कार्टसाठी नाही. आपल्यातल्या काहीजणी पिठाच्या गिरणीवर काम करतात, काही मसाला कांडपावर, काही तळोज्याच्या कारखान्यांत. उद्या कामावर गेल्यावर पट्ट्यावर झाकण आहे का, एवढं पाहून या. नसेल तर पुढच्या बैठकीत सांगा. आपण यादी करू आणि मालकाकडे एकटीदुकटीनं नाही, मिळून जाऊ. आणि कुणाला इजा झाली, तर तिला विचारायचा पहिला प्रश्न आजच ठरवून ठेवू. ‘केस का मोकळे होते’ हा नाही. ‘झाकण कुणी काढलं होतं?’ हा.

सजणी आज इथे मागच्या रांगेत बसली आहे. केस आता कानापर्यंत आले आहेत. तिनं मला बोलायची परवानगी दिली, म्हणून बोलले. तिच्या वडिलांकडे पुढच्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे. तुमच्यापैकी दोघीतिघी बरोबर आल्या तर बरं होईल.