उपयोग विचारण्याआधी

आपल्या नाशिक जिल्ह्यात किती तऱ्हांचे संशोधन चालते याचा एकत्र विचार आपण सहसा करत नाही. दिंडोरी रस्त्यावरची मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९ पासून धरणांसाठी लागणारी माती, काँक्रीट आणि पाण्याचा प्रवाह यांचा अभ्यास करते आहे. निफाडच्या गहू संशोधन केंद्रातून त्र्यंबक, तपोवन, गोदावरी हे वाण शेतकऱ्यांच्या शिवारात गेले. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्यावर गॅमा किरण सोडणारे भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण केंद्र २००२ मध्ये लासलगावला सुरू झाले. मुक्त विद्यापीठ १९८९ चे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ चे. आणि त्र्यंबकच्या रस्त्यावर, अंजनेरीला, केवळ नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था आहे. ही नावे ऐकताना ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप दोन गट पडतात. धरण, गहू, कांदा, आजार हे कामाचे संशोधन. नाणी, शिलालेख, रूढी, जुने कायदे ही हौस. ही वाटणी चुकीची आहे, आणि तिची किंमत आपण मोजत आलो आहोत, असे माझे म्हणणे आहे. ते मी पुराव्यानिशी मांडणार आहे.

पहिला पुरावा द्राक्षाचा. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेली आपली द्राक्षे तिथल्या तपासणीत अडकली. कारण होते क्लोरमेक्वॅट क्लोराइड, बागायतदारांच्या बोलीत सीसीसी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची नुसती पालेवाढ होऊ नये, काडीत घड तयार व्हावेत, म्हणून हे वाढरोधक फवारले जाई. प्रत्यक्ष फळ येते ते ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, आणि काढणी त्याच्याही पुढे. मधे एवढे महिने गेल्यावर रसायनाचा अंश फळात कशाला राहील, असे वाटणे स्वाभाविक होते. पण तो वेलीच्या लाकडात टिकून पुढे घडात उतरू शकतो. युरोपच्या नियमात त्याची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्याकडे निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी होई त्या यादीत ते नव्हतेच. आता हा प्रश्न कोणत्या विषयाचा? वेलीच्या अंतर्गत वहनाचा म्हटला तर वनस्पतिशास्त्राचा. इतका सूक्ष्म अंश मोजायचा तर रसायनशास्त्राचा. ०.०५ ही मर्यादा खाणाऱ्याच्या आरोग्याचा विचार करून ठरते की पुरेशी माहिती नसल्यामुळे सावधगिरी म्हणून ठेवली जाते, हा विषशास्त्राचा आणि कायद्याचा. आपल्या देशात वापर चालू असलेल्या औषधामुळे माल परत आला तर तोटा बागायतदाराने सोसायचा की निर्यातदाराने, हा करारविषयक कायद्याचा. पुढे हे रसायन तपासणीच्या यादीत आले, पण बागायतदाराचा तो हंगाम गेला तो गेलाच. युरोपचे अन्नकायदे सातत्याने वाचणारा एक अभ्यासक आणि वेलीचे शरीरशास्त्र जाणणारा दुसरा हे दोघे आधीच एकमेकांशी बोलत असते, तर हा धोका अगोदर दिसण्याची शक्यता नक्कीच जास्त होती.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे अखेर शेतीचेच झाले. नाशिकच्या पांडवलेण्यांवरच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या अक्षरांचे काय? तिथे जरा थांबू या, कारण माझा दुसरा पुरावा तोच आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख लेणे क्रमांक १० मध्ये आहे. त्यात तो सांगतो की भिक्षूंसाठी त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमचे ठेवले: २,००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यांपैकी २,००० च्या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. आता हिशेब करून पाहा. २,००० वर दरमहा वीस, वर्षाला २४०. वीस जणांत वाटले की प्रत्येकी बरोबर बारा. आकडा पैशाला पैसा जुळतो. म्हणजे हा लेख पुण्याच्या घोषणेइतकाच एक चोख आर्थिक दस्तऐवजही आहे. दान नगरसभेत जाहीर केले आणि फलकावर नोंदवले, असेही त्यात लिहिले आहे. सुवर्णाचा दर ३५ कार्षापणांना एक असा दिला आहे. राजाच्या जावयाने ठेवलेले पैसे विणकरांची संघटना स्वीकारते आणि पिढ्यानपिढ्या व्याज देण्याची हमी घेते, तेव्हा विश्वस्त निधी, व्याजाचा दर, नोंदणी आणि कारागिरांची पत या चारही गोष्टी या जिल्ह्यात त्या काळी होत्या, हे सिद्ध होते. लिपी वाचणारा एकटा असता तर एवढे हाती लागले नसते. प्राकृत जाणणारा, हिशेब मांडणारा, कायद्याचा इतिहास जाणणारा, असे सगळे लागले.

पण अशा लेखांतला दावा खरा कशावरून? राजे स्वतःची स्तुती कोरवून घेतात, ती जशीच्या तशी मानायची नसते. लेणे क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिच्या मुलाने, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने, नहपानाचा क्षहरात वंश निर्मूळ केला असे त्यात म्हटले आहे. आईने मुलाचे केलेले हे कौतुक. पण १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. सगळी नहपानाची, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांची चिन्हे दाबलेली दिसतात. दगडावरचा दावा धातूने पडताळला. एका शाखेने जे म्हणावे ते दुसऱ्या शाखेने आपल्या साधनांनी तपासावे, यालाच मी संशोधनाच्या विविधतेचे खरे मोल समजतो. एकाच पद्धतीने काम करणारे शंभर जण एकच चूक शंभरदा करू शकतात.

तिसरा पुरावा सांगताना मन जड होते. २७ ऑगस्ट २००३ रोजी, सिंहस्थाच्या शाही स्नानाच्या दिवशी, सरदार चौकाच्या परिसरात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. गर्दीचे विज्ञान सांगते की एका चौरस मीटरमध्ये पाच-सहाहून अधिक माणसे दाटली की माणूस स्वतःच्या इच्छेने हालचाल करू शकत नाही. गर्दी प्रवाहीसारखी वागू लागते. वैद्यकशास्त्र सांगते की अशा ठिकाणी अनेकांचा जीव तुडवले जाऊन जात नाही. छाती दाबली जाऊन, उभ्या उभ्या, श्वास कोंडून जातो. एवढे कळल्यावर अभियंता म्हणेल, रस्ता रुंद करा, मार्ग बदला. पण शाही मार्ग ही परंपरा आहे. आखाड्यांचा क्रम, मुहूर्ताची वेळ, रामकुंडातच स्नान घडावे ही श्रद्धा, हे सारे कोणी, कधी, कसे ठरवले हे ठाऊक नसलेला माणूस आखाड्यांसमोर बसून बदल सुचवू शकत नाही; सुचवलाच तर तो मान्य होत नाही. कुंभाचा सांस्कृतिक इतिहास लिहिणाऱ्याचे काम इथे माणसांचे प्राण वाचवण्याच्या कामाला येते. त्याला हौस म्हणणाऱ्यांनी या ३९ जणांची आठवण ठेवावी.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत वजनदार आक्षेप असा, की आपला देश श्रीमंत नाही. आधी रोग आणि शेती, मग नाणी. मी हा आक्षेप हलका मानत नाही. पण भारत संशोधनावर एकूण जे खर्च करतो ते सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्काही नाही. २०२०-२१ चा सरकारी आकडा ०.६४ टक्के आहे. त्यातही शिलालेख, भाषा, कायदा, रूढी यांच्या अभ्यासाला यंत्रे लागत नाहीत. वाटा अगदी थोडा जातो. तो काढून घेतल्याने रुग्णालयाची एक खाटही वाढणार नाही. कमतरता एकूण रकमेत आहे, आणि भांडायचे तर त्यासाठी भांडावे. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: पुष्कळसे प्रबंध निकृष्ट असतात, पदवीपुरते आणि पदोन्नतीपुरते लिहिलेले असतात, आणि विविधतेच्या नावाखाली तेच वाढते. हे खरे आहे. मात्र निकृष्ट काम सर्वच विषयांत आढळते, विज्ञानातही. विषय कमी करून ते थांबत नाही. ते थांबते कडक परीक्षणाने, आणि उषवदाताच्या लेखासारखा हिशेब दुसऱ्याला स्वतः करून पाहता येईल अशा मांडणीने. कोणी असेही म्हणतात की सगळ्यात थोडे थोडे शिकलेला माणूस कशातच खोल जात नाही. बरोबर. प्रत्येकाने आपल्या विषयात खोलच जावे. विविधता जिल्ह्यात हवी. प्रत्येक अभ्यासकाच्या डोक्यात ती असलीच पाहिजे असे नाही.

म्हणून विद्यापीठांना आणि मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. या जिल्ह्याविषयी मान्य झालेल्या प्रत्येक प्रबंधाचा चार पानी मराठी सारांश विद्यार्थ्याकडून लिहून घ्या आणि तो वाचकांच्या हाती पडेल अशा जागी ठेवा. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून लोकांसाठी उघडे आहे. त्याहून योग्य जागा कोणती? द्राक्षाचा सारांश, लेण्याचा सारांश, गर्दीचा आणि तापाच्या साथीचा सारांश एकाच कपाटात राहू द्या. आणि जे तरुण श्रोते यंदा संशोधनाचा विषय निवडणार आहेत त्यांना एवढेच सांगतो: विषय कोणताही घ्या, पण पहिल्याच वर्षी दुसऱ्या शाखेतल्या एका अभ्यासकाला आपला आराखडा दाखवा, आणि त्याने काढलेल्या शंकांना लेखी उत्तरे द्या.