ब्लूज-रॉकचे दिवस
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी संमेलनातील भाषण)



शालेय वयातील संगीतावर बोलावे, असे समितीने सुचविले. माझ्याकडून नाट्यगीते आणि भावगीते अपेक्षित असणार, हे मी जाणून आहे. ती घरोघरी होतीच. परंतु १९६८ ते १९७५ या काळात आमच्यातील चारसहा जणांच्या कानांत दुसरेच एक संगीत भरले होते. ते म्हणजे ब्लूज-रॉक.

हैदराबादेत ते पोहोचण्याचे मार्ग मोजके. कलकत्त्याहून निघणारे तरुणांचे ‘जे. एस.’ हे नियतकालिक, आबिड्सच्या पदपथावर मिळणारे त्याचे जुने अंक, परदेशी गेलेल्या कोणाच्या तरी भावाने आणलेली तबकडी आणि लघुलहरींवर खरखरत येणारे एखादे केंद्र. एकच तबकडी दहा घरे फिरे आणि परत येताना नवे चरे घेऊन येई.

या संगीताचे मूळ अमेरिकेत, मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातील कृष्णवर्णीय मजुरांच्या गाण्यात आहे. रचना अगदी साधी. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. बारा मात्रागट आणि तीन स्वरसंघ एवढ्यात सारा संसार. आपल्या जात्यावरच्या ओवीप्रमाणेच येथेही श्रम आणि दुःख एकाच लयीत बांधलेले. गंमत आहे ती गांधाराची. तो धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. दोहोंच्या मधे कोठेतरी हेलकावत राहतो. आमच्या एका मित्राचे वडील सतार वाजवीत. एरिक क्लॅप्टनची गिटार प्रथम ऐकताच ते उद्गारले, “अरे, हा तर तार ओढून मींड काढतो आहे!” आमच्या घरांतून या संगीताला मिळालेले ते पहिले आणि बहुधा शेवटचे प्रशस्तिपत्र.

क्लॅप्टन इंग्रज होता, हे येथे महत्त्वाचे आहे. १९५८ साली शिकागोचा मडी वॉटर्स विजेची गिटार घेऊन इंग्लंडला गेला, तेव्हा काही श्रोते तिच्या आवाजाने दचकले. पण तरुण पोरे भारावली. १९६१ साली रॉबर्ट जॉन्सनच्या जुन्या मुद्रणांची तबकडी निघाली. हा जॉन्सन अवघी २९ गाणी मुद्रित करून १९३८ साली, २७ व्या वर्षी वारला होता. त्याचे चौरस्त्याचे गाणे क्लॅप्टनच्या ‘क्रीम’ने १९६८ मध्ये असे काही वाजविले की, तीस वर्षांपूर्वीचा एकाकी आवाज आमच्या खोलीत गर्जू लागला.

आपल्या शाळेतील संगीताच्या बाई गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावीत आणि आम्हांलाही लावायला सांगत. ती सवय अंगी मुरल्यामुळे असेल, तबकडीच्या मध्यावरील गोल कागदावर रचनाकाराचे नाव वाचण्याचा मला नाद लागला. क्रीमच्या तबकडीवर जॉन्सनचे नाव होते. लेड झेपेलिनच्या १९६९ मधील दुसऱ्या तबकडीवरील पहिल्या गाण्यापुढे मात्र वादकचमूतील चौघांचीच नावे होती. त्यातील शब्दांचा मोठा भाग विली डिक्सनने लिहिलेल्या आणि मडी वॉटर्सने १९६२ साली गायिलेल्या गाण्यातला. डिक्सनला १९८५ साली न्यायालयात जावे लागले. १९८७ साली तडजोड झाली आणि पुढील आवृत्त्यांवर त्याचे नाव आले. ते गाणे सुरू झाले की आजही माझ्या अंगावर शहारा येतो. पण घराण्याचे नाव घ्यायला वकिलाची नोटीस लागावी, हे मला अजून पटत नाही.

याउलट ‘कॅन्ड हीट’. या कॅलिफोर्नियाच्या चमूचे १९६८ मधील गाजलेले गाणे ज्यांनी ऐकले असेल, त्यांना आरंभापासून एक ओळखीचा गुंजारव ऐकू आला असेल. तो आपला तंबोरा! ॲलन विल्सन या चष्मेवाल्या, बुजऱ्या तरुणाने तो तेथे लावला आणि नाजूक, उंच पट्टीत वर गाणे गायिले. रचनाकार म्हणून आपल्या नावाबरोबर त्याने मूळ गायक फ्लॉइड जोन्सचेही नाव दिले.

याच विल्सनची एक हकिगत मला पुष्कळ वर्षांनी वाचावयास मिळाली. सन हाउस हा डेल्टा ब्लूजचा पितामह. जॉन्सन त्याचे ऐकून शिकला. १९६४ साली तीन तरुण चाहत्यांनी त्याला शोधून काढले, तेव्हा तो न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर गावी राहत होता. साठी उलटलेली, गिटार कधीच सुटलेली, स्वतःचीच गाणी विसरलेला. एकवीस वर्षांचा विल्सन त्याच्यासमोर बसला. म्हाताऱ्याच्या १९३० आणि १९४२ च्या मुद्रणांतील प्रत्येक हरकत त्याला मुखोद्गत होती. त्याने ती वाजवून दाखवावी, म्हाताऱ्याने बोटे फिरवून आठवावे, असे करीत शिष्याने गुरूला गुरूचीच विद्या परत केली. १९६५ साली सन हाउसची नवी तबकडी निघाली. तिच्यातील दोन गाण्यांत विल्सनची साथ आहे, अगदी मागे राहून केलेली.

विल्सन १९७० च्या सप्टेंबरात वारला, वय २७. सन हाउस त्यानंतर अठरा वर्षे जगला.