एक मिलिमीटरचा गुरू

काचेच्या बशीत जेलीसारखा अगरचा थर, त्यावर जिवाणूंचा पातळ लेप आणि तो खात वळवळणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी, सी. एलिगन्स. १९६०च्या दशकात केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांनी याला अभ्यासासाठी निवडलं. का? तर त्याचं अंग पारदर्शक! जिवंतपणीच त्याच्या पेशी दुभंगताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. उभयलिंगी कृमी वाढताना १०९० पेशी तयार होतात. त्यांतल्या १३१ ठरल्या वेळी आपणहून मरतात. हे मरणही जनुकंच घडवून आणतात, हे या कृमीत उलगडलं आणि २००२चं नोबेल या संशोधनाला मिळालं. त्याच्या चेतापेशी म्हणाल, तर फक्त ३०२. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ साली प्रसिद्ध झाला. आपल्या मेंदूत मात्र अशा पेशी अब्जावधी!