यात्रेचा बाजार आणि हिशेबाची वही

(सारंगखेडा येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘विद्यार्थ्यांनी उद्योजक होण्यासाठी काय लागते’ हा विषय आज माझ्याकडे सोपविण्यात आला आहे. असा विषय मिळाला की थोर उद्योगपतींची चरित्रे सांगावयाची, नोकरीच्या पाठीमागे धावू नका असा उपदेश करावयाचा आणि शासनाच्या योजनांची यादी वाचून खाली बसावयाचे, असा आम्हा माहिती खात्यातील मंडळींचा प्रघात आहे. मीही तसे पुष्कळ वेळा केले आहे. परंतु सारंगखेड्यात उभे राहून तसे करणे मला प्रशस्त वाटत नाही. तापीकाठच्या या गावाच्या दारात दरवर्षी मार्गशीर्षात व्यापाराची एक मोठी शाळाच भरते.

एकमुखी दत्ताच्या यात्रेनिमित्त येथे भरणारा घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, गुजरात, मध्य प्रदेश येथून व्यापारी आपली जनावरे घेऊन येतात. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी, नुकरा अशा जातींचे घोडे पाहावयास दुरून माणसे येतात. आपण सारे घोडा किती लाखांना मागितला गेला याची चर्चा करतो. विद्यार्थ्यांचे लक्ष मात्र मी दुसरीकडे वेधू इच्छितो. शेकडो मैलांवरून आलेला हा व्यापारी येथे कित्येक दिवस तळ देतो. त्याला कडबा लागतो, हरभरा लागतो, पाणी लागते, सरपण लागते, नालबंद लागतो, दोन वेळचे जेवण लागते. लगाम, खोगीर, रिकीब, झूल, घुंगरू यांची दुकाने लागतात. बैलगाड्या व शेतीची अवजारे विकावयास येतात. या सगळ्या दुकानांपैकी आपल्या शहादा तालुक्यातील किती, आणि त्यांत शाळा-कॉलेजात शिकलेल्या मुलांची किती, हे येत्या यात्रेत एकदा मोजून पाहावे. मोजणीचे काम आठवी-नववीच्या वर्गाला सहज जमण्यासारखे आहे.

आपल्या मुलांना व्यापाराची बुद्धी नाही, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. आठवडे बाजारात आईच्या शेजारी बसून भाजी विकणारा बारा वर्षांचा मुलगा सुट्या पैशांचा हिशेब बिनचूक करतो. तोच मुलगा पदवीधर झाल्यावर बाजारात बसावयास लाजतो. याचा अर्थ शिक्षणाने त्याला नवे काही दिले नाही असा नाही, पण त्याच्याजवळ होते त्याची किंमत मात्र त्याच्या नजरेत कमी केली. घरची माणसेही यात सामील असतात. ‘एवढे शिकून दुकानच टाकायचे होते तर शिकलास कशाला?’ हा प्रश्न मी अनेक घरांत ऐकला आहे. उद्योग सुरू करणाऱ्या मुलाला बँकेच्या मंजुरीआधी घरची मंजुरी लागते, आणि ती मिळविण्याचा कोणताही छापील नमुना उपलब्ध नाही.

थोरांची चरित्रे टाळतो म्हटले तरी एक उदाहरण घेतल्याशिवाय राहवत नाही, कारण ते शिक्षकाचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापक होते. १८८८ साली बेळगावात बंधूंच्या मदतीने त्यांनी सायकलींचे दुकान सुरू केले ते नोकरीत असतानाच. पुढे नोकरी सोडून ते बेळगावास आले, कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी त्या वेळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे गेली. १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडलच्या माळावर जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपण सांगताना कारखाना सांगतो आणि न खपलेल्या नांगरांची ती दोन वर्षे गाळून टाकतो. विद्यार्थ्यांना खरे तर तीच सांगावयास हवीत. माल तयार आहे, ग्राहक नाही, घरखर्च चालू आहे, अशा काळात माणसाने काय करावे? लक्ष्मणरावांपाशी सायकलींच्या धंद्यातून उभा राहिलेला जम होता. आपल्या मुलापाशी काय आहे, हे त्याने आधी पाहिले पाहिजे.

आता आपल्या परिसराकडे वळू. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ सर्वांना ठाऊक आहे. हंगामात ओल्या लाल मिरचीची आवक होते, शहराबाहेरील पथारींवर ती वाळत घातली जाते, देठ खुडण्याचे काम शेकडो बायाबापड्या करतात. अवकाळी पाऊस आला की पथारीवरचा माल भिजतो, काळा पडतो आणि एका रात्रीत भाव उतरतो. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अक्कलकुवा, धडगावकडे घरोघरी कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून आमचूर करतात. आपल्या तालुक्यातली पपई ट्रक भरून उत्तरेकडे जाते आणि भावावरून व्यापारी व शेतकरी यांच्यात तंटा झाल्याशिवाय क्वचितच एखादा हंगाम जातो. कच्चा माल येथला, श्रम येथले, पण दळणे, निवडणे, पुडीत भरणे आणि नाव छापणे बहुधा दुसरीकडे होते. दुसऱ्या बाजूला सातपुड्यातील कितीतरी कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी आणि गुजरातेत मजुरीसाठी घरे बंद करून जातात, मुलांच्या शाळा अर्ध्यावर सुटतात.

तेव्हा एखाद्या होतकरू मुलाला मिरचीपूड करून विकावी असे वाटले तर ते स्वाभाविकच आहे. त्याचा हिशेब आपण येथेच मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. भाव दरवर्षी बदलतात.

समजा, ओली मिरची ३० रुपये किलो आहे. चार किलो ओल्या मिरचीची वाळून साधारण एक किलो होते. मुलगा मनात म्हणतो, चार गुणिले तीस म्हणजे १२०, दळणावळ १० रुपये, झाले १३०. पूड १६० ने विकली की किलोमागे ३० रुपये सुटले. आता वही उघडू. ४०० किलो ओली मिरची घेतली, १२,००० रुपये. ती वाळून १०० किलो झाली. देठ, खराब नग आणि कचरा यांत १० किलो गेले, पूड ९० किलो हाती आली. वाळवणी, देठ खुडणे व वाहतूक यांचे २,००० रुपये, दळणावळ ९०० रुपये, पिशव्या व लेबले १,१०० रुपये. एकूण १६,००० रुपये. भागिले ९०. किलोला सुमारे १७८ रुपये पडले. म्हणजे ३० रुपये नफा झाला असे समजून हा मुलगा किलोमागे १८ रुपये पदरचे घालत आहे, आणि जितका अधिक विकेल तितका अधिक बुडणार आहे. त्याची स्वतःची मजुरी, गाडीचे पेट्रोल आणि उंदराने कुरतडलेले पोते यांत अजून धरलेले नाही.

मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर आहे. असा साधा भागाकार धंद्याच्या मुळाशी असतो हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सांगितले नाही. फसलेल्या मुलांच्या वह्या पाहून ते कळले. पुष्कळांच्या तर वह्याही नव्हत्या.

दुसरी गोष्ट उधारीची. ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ असे आपले वाडवडील म्हणत. किराणा दुकानदार नव्या मुलाचा माल ठेवून घेतो तो ‘विकला की पैसे’ या बोलीवर. मिरचीची खरेदी हंगामातच करावी लागते, आणि नेमके तेव्हाच मुलाचे पैसे दहा दुकानांत अडकलेले असतात. सूक्ष्म व लघुउद्योगाचे देणे ४५ दिवसांपलीकडे लांबवू नये अशी तरतूद २००६ च्या कायद्यात आहे. पण कायद्याचा कागद दाखवून दुकानदाराकडून वसुली करणारा मुलगा त्या दुकानात दुसऱ्यांदा माल ठेवू शकेल काय? म्हणून आरंभी थोडा माल, थोडी दुकाने आणि शक्य तितकी रोखीची विक्री हेच हिताचे. आमचे तरुण प्रकल्प अहवालात सारा पैसा यंत्रावर मांडतात आणि खेळते भांडवल विसरतात. यंत्र नवे कोरे, आणि मिरची घ्यावयास पैसे नाहीत, असे दृश्य विरळ नाही.

योजनांविषयी मौन पाळले तर मी कर्तव्यात कसूर केली असे होईल. ग्रामीण युवकांना स्वयंरोजगाराचे प्रशिक्षण देणारी ट्रायसेम योजना १९७९ साली आली, सुशिक्षित बेरोजगारांसाठी कर्जयोजना १९८३ साली, पंतप्रधान रोजगार योजना १९९३ साली. पुढे २००८ मध्ये पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, २०१५ मध्ये मुद्रा आणि २०१९ मध्ये राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू झाला. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे आहेत, १९८८ पासून महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आहे. योजनांची वाण पडलेली नाही. वाण आहे ती योजनेचा अर्थ अर्जदाराला नीट समजावून सांगणाऱ्या माणसांची, आणि यात मी स्वतःलाही वगळत नाही.

काही वर्षांपूर्वी एका प्रसिद्धिपत्रकाला मी मथळा दिला होता : ‘अनुदान मिळवा, उद्योजक व्हा!’ दोन महिन्यांनी एक तरुण कार्यालयात आला. कर्ज मंजूर झाले होते. अनुदानाची रक्कम हातात कधी मिळणार एवढेच त्याला विचारावयाचे होते. त्या पैशावर त्याने बहिणीच्या लग्नाचा बेत आखला होता. चूक त्याची नव्हती, माझ्या मथळ्याची होती.

म्हणून येथे स्पष्ट सांगतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, महिला इत्यादी विशेष प्रवर्गातील अर्जदारास प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, तर सर्वसाधारण प्रवर्गास २५ टक्के अनुदान आहे. स्वतःचा वाटा अनुक्रमे ५ व १० टक्के घालावा लागतो. दहा लाखांच्या प्रकल्पात विशेष प्रवर्गातील अर्जदार पन्नास हजार घालतो, बँक साडेनऊ लाख देते. साडेतीन लाखांचे अनुदान मात्र त्याच्या हाती येत नाही. ते बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि उद्योग चालू असल्याची पडताळणी झाल्यावर कर्जखात्यात जमा होते. दरम्यान तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. म्हणजे अनुदान हे तीन वर्षे टिकलेल्या उद्योगासाठी आहे. ज्याला प्रथमच हात आजमावून पाहावयाचा आहे, त्याने दहा लाखांच्या प्रकल्पात उडी घेण्यापेक्षा मुद्रा योजनेतील पन्नास हजारांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज घ्यावे, किंवा त्याहून बरे म्हणजे पहिला हंगाम कर्जाशिवाय काढावा, असे माझे वैयक्तिक मत आहे. शासकीय भूमिका म्हणून ते कोणी छापू नये.

आणखी एक अप्रिय गोष्ट. प्रत्येक विद्यार्थ्याने उद्योजक व्हावे, असे मला वाटत नाही. ज्याला नोकरी मिळत नाही त्याने धंदा करावा, हा सल्ला तर मला घातक वाटतो. नोकरीतले अपयश महिन्याचा पगार बुडविते. धंद्यातले अपयश आईचे दागिने आणि बापाची जमीन घेऊन जाते. ज्याला माणसांशी बोलावयास आवडते, नकार ऐकून जो दुसऱ्या दिवशी त्याच दारात जाऊ शकतो, ज्याला रात्री वही लिहिल्याशिवाय झोप येत नाही, अशा मुलाला शिक्षकांनी हेरावे. तो वर्गात पहिला असेलच असे नाही. बहुधा मागच्या बाकावर सापडेल. आणि मुलींना विसरू नये. देठ खुडण्यापासून पापड लाटण्यापर्यंत आपल्याकडचा प्रक्रियेचा धंदा बायकांच्याच हातावर चालतो, मग हिशेबाची वही पुरुषाच्या हाती का? १९५९ साली मुंबईत गिरगावातील सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला, त्यातून लिज्जत उभे राहिले. वही त्यांच्याच हाती होती.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा व शिका’ ही कल्पना रयत शिक्षण संस्थेत रुजविली, तिच्यात घाम आणि हिशेब दोन्ही होते. त्याच धर्तीवर, पण अगदी लहान प्रमाणात, एक सूचना करतो. येत्या यात्रेत ग्रामपंचायतीने पाच जागा विद्यार्थ्यांसाठी राखाव्यात. फुकट देऊ नयेत. भाडे घ्यावे आणि पावती द्यावी, कारण भाडे हाही खर्चच आहे. प्रत्येक जागेवर दोन विद्यार्थी. चहा विकोत, कडबा विकोत, मिरचीपूड, आमचूर, भगर किंवा घोड्यांची घुंगरे विकोत. भांडवल घरून आणावे, दोन हजारांच्या आत. अभ्यास बुडू नये म्हणून पाळी लावावी. खाद्यपदार्थ असतील तर अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी कशी करतात हे वर्गशिक्षकांनी मुलांकडूनच करवून घ्यावे. माल शिल्लक राहिला तर कोणीही दया म्हणून विकत घेऊ नये, अध्यक्षांनीसुद्धा नाही.

यात्रा उठल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी पाचही वह्या याच सभागृहात मोठ्याने वाचल्या जाव्यात, तोट्याची वही सर्वांत आधी. त्या दिवशी मला बोलाविले तर मी श्रोत्यांत बसेन. वह्या मात्र शंभर पानी घ्याव्यात. चाळीस पानी पुरणार नाहीत.