आधी बाळंतिणीचे ताट



आपल्या बैठकीत कापसाचा भाव निघतो, कर्ज निघते, विजेचे बिल निघते. घरात तान्हे मूल असताना गावावर संकट आले तर काय करायचे, हा विषय मात्र निघत नाही. तो बायकांचा म्हणून आम्ही पुरुषांनी आजवर बाजूला ठेवला. ही आमची चूक झाली.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी भागाची जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो माणसे गेली. त्याआधी ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने मोवाड गाव उद्ध्वस्त केले. तिथे दोनशेवर माणसे गेली. सरकारी मदत येते, पण पहिली रात्र गावाला स्वतःच काढावी लागते. मोठा माणूस ती उपाशी काढील. तान्ह्या बाळाला ते जमत नाही.

मग तयारी कशाची? सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच लागत नाही. वरचे पाणी भर उन्हाळ्यातही नाही. पुरात विहीर गढूळ होते, सरपण भिजते. अशा वेळी डब्यातली पावडर तसल्या पाण्यात कालवून पाजली की बाळाला हगवण लागते आणि हातचे बाळ जाते. म्हणून मदतीच्या गाडीतून डबा आला तरी अंगावर पिणाऱ्या बाळाला तो देऊ नका. धास्तीने दूध आटले असे म्हणतात. धास्तीने पान्हा थोडा वेळ अडतो, आटत नाही. आईला आडोसा द्या, धीर द्या, बाळाला पुन्हा पुन्हा पाजू द्या.

म्हणजे बाळाची कणगी ती आईच. आणि आपल्या घरात काय चालते? सगळ्यांचे झाल्यावर उरलेले ती खाते. दुष्काळात पहिली काटकसर तिच्याच ताटात होते. बियाण्याची ज्वारी आम्ही उपाशी राहूनही मोडत नाही. मग बाळाच्या कणगीला हात का लावतो?

आता कामाचे बोलू. पावसाळ्याआधी एक गाठोडे बांधून दाराजवळ ठेवा. त्यात बाळाची दुपटी-लंगोट, झाकणाचे भांडे, वाटी-चमचा, जलसंजीवनीच्या पुड्या, बॅटरी. आईसाठी फुटाणे, शेंगदाणे, गूळ. आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून लसीकरणाचे कार्ड, रेशनकार्ड, सातबारा. कोणी काय उचलायचे ते आजच ठरवा. आईने फक्त बाळ घ्यावे, लुगड्याने छातीशी बांधून. गाठोडे दुसऱ्याने घ्यावे. तिसऱ्याने जनावरांची दावी सोडावीत. वस्तूंसाठी कोणीही मागे फिरू नये.

निंदणाच्या वेळी बाळाची झोळी बांधावरच्या झाडाला असते. आभाळ गरजू लागले की पात सोडा, आधी झोळी उतरवा आणि पक्क्या घराकडे चला. झाडावर वीज पडण्याचा धोका मोठा असतो.

फवारणीचे औषध बाळ झोपते त्या खोलीत नको. त्याचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पाण्याला वापरू नका. घरात कापूस भरला असेल तर चूल, चिमणी आणि बिडी त्यापासून लांब ठेवा, आणि बाळाची बाज दारालगत घाला. मातीच्या भिंतीच्या फळीवर, बाळाच्या डोक्याशी, जड डबे नकोत.

हगवण लागलीच तर अंगावरचे दूध तोडू नका. जलसंजीवनीची पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून चमच्याने पाजा. बाळ मलूल झाले, पिईनासे झाले, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

यातल्या कशालाच अनुदान लागत नाही. आज घरी गेल्यावर एवढेच करा: गाठोडे बांधा, आणि पहिले ताट बाळाच्या आईला वाढा. पुढच्या बैठकीला तिलाही घेऊन या. हा विषय आमच्यापेक्षा तीच नीट मांडील.