गुलाबी तळ्याची बाजू



पनवेलच्या या परिषदेत अध्यक्षाने वर्षभरातल्या कामाचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो आढावा स्मरणिकेत छापला आहे, तिथेच वाचावा. मला आज एकच गोष्ट बोलायची आहे, आणि ती फार वर्षं मनात आहे. प्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूंना सांडपाण्याच्या आणि बायोगॅसच्या कामात आपण कधी उभंच राहू दिलं नाही.

माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्ये मैल्याच्या टाकीतला गॅस वापरात आला होता. विद्या इतकी जुनी, तरी गावोगावचे गोबरगॅस बंद का पडले? कारणं अनेक आहेत. त्यांतलं एक मी हातात धरून पाहिलंय : गंजून चाळण झालेला शेगडीचा बर्नर. हे काम गॅसमधल्या हायड्रोजन सल्फाइडचं. त्यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे लोखंडाच्या किसाची नळी. कीस निकामी झाला की बदलायचा. पण गावात तो बदलतो कोण?

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व्हॅन नील यांनी १९३१ मध्येच दाखवून दिलं होतं की वनस्पती जे पाण्याकडून घेते, ते प्रकाशावर जगणारे हिरवे आणि जांभळे जिवाणू हायड्रोजन सल्फाइडकडून घेतात. बायोगॅसमध्ये नको असलेले दोन्ही वायू, सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड, हेच त्यांचं अन्न. शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि मिथेनमध्ये ऑक्सिजन मिसळणं धोक्याचं. हे जिवाणू ऑक्सिजन सोडतच नाहीत. हिरवे जिवाणू तर गंधक पेशीबाहेर टाकतात, ते तळाशी बसतं आणि काढून घेता येतं. मात्र प्रकाश मोजून द्यावा लागतो. जास्त झाला की गंधकाचं सल्फेट होतं आणि हाती काही लागत नाही.

यावर पहिला आक्षेप उजेडाचा. सकाळच्या सत्रात तरुण सहकारी म्हणाले, कोकणात चार महिने ऊनच नसतं. माझ्या प्रयोगशाळेच्या खिडकीत दर पावसाळ्यात बाटल्या असत. खाडीचा चिखल, वर्तमानपत्राचे कपटे, चिमूटभर जिप्सम, वर पाणी आणि घट्ट बूच. काही आठवड्यांत चिखलाला खाली हिरवा आणि वर जांभळट पट्टा धरायचा, तोही ढगाळलेल्या श्रावणात. हिरव्यांना मंद उजेड पुरतो आणि जांभळे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही वापरतात. माझ्यापुरता तो वाद तिथेच मिटला.

दुसरा आक्षेप रंगाचा. २०१७ मध्ये तळोज्यात कारखान्याच्या रंगाने कुत्री निळी झालेली आपण पाहिली, तेव्हा रंगीत पाण्याची भीती इथे कुणाला शिकवायला नको. पण प्रत्येक रंग कारखान्याचा नसतो. एका डेअरीच्या सांडपाण्याचं तळं मी जवळून पाहत होतो. फाल्गुनात ते जांभळ्या जिवाणूंनी गुलाबी झालं आणि दुर्गंधी गेली. शेजारची माणसं खिडक्या उघड्या ठेवू लागली. तपासणी जवळ आल्यावर रंगाला घाबरून तळ्यात ब्लीचिंग पावडरची पोती ओतली गेली. आठवड्याच्या आत सडक्या अंड्यांचा वास परतला. जे फुकट राबत होते, त्यांनाच मारलं! त्याचा राग मला अजून आहे. आणि आपली नेहमीची शुद्धीकरण केंद्रं? त्यांची साधारण निम्मी वीज पाण्यात हवा घालण्यात जाते. जांभळे जिवाणू सांडपाण्यातली सेंद्रिय आम्लं हवेशिवाय, उजेडात खातात. वाढलेला गाळ प्रथिनांनी भरलेला असतो, माशांना घालता येतो. टाक्या बांधताना आपण खोली मोजतो, गाळ मोजतो. आत उजेड किती शिरेल, हे कुठल्या निविदेत लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

परिषदेने एक छोटं मंडळ नेमावं. पनवेल तालुक्यातल्या एखाद्या गोठ्याच्या गॅसवर हे जिवाणू वाढवलेल्या काचेच्या नळ्या लावून पाहाव्यात. नळी किती रुंद हवी, रात्री दिवे लावायचे का, खर्च कुणी उचलायचा, हे मंडळाने ठरवावं. जिवाणूंसाठी खाजणातला चिखल कुठून घ्यायचा, ते मी दाखवीन. पहिली बैठक दिवाळीनंतर घ्यावी, अशी माझी सूचना आहे.