सहीपुरती बहीण

मी खडकवासल्याहून बोलतेय. एरवी आपण या कार्यक्रमात हप्ते, कर्जफेड आणि गटाची वही यांबद्दल बोलतो. आज जमिनीबद्दल आणि घराबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात करायचीय थेट दिल्लीच्या संसदेपासून. दचकू नका. संसदेत जे बोललं गेलं, तेच आपल्या ओट्यावर बोललं जातं, एवढंच मला दाखवायचंय.

आमच्या भागात सध्या बायकांना माहेरचा एक ठरावीक फोन येतो. "ताई, बुधवारी हवेलीला नोंदणी कार्यालयात यायचंय. आधार कार्ड आण, दोन फोटो आण. जेवायलाच ये." दिवाळीला ज्या भावाला गाडी पाठवायला सवड नव्हती, तो त्या दिवशी गाडी पाठवतो. नवी साडी मिळते, जेवण होतं आणि एका कागदावर सही किंवा अंगठा होतो. कागदाचं नाव असतं हक्कसोड पत्र. बाई संध्याकाळी घरी येते. काय सोडलं असं विचारलं तर म्हणते, "भावाचं काहीतरी काम होतं."

आता बघा, ज्या बहिणीचं नाव सातबाऱ्यावर कधी लागलं नाही, तिच्या सहीसाठी एवढी धावपळ का? कारण जमीन घेणाऱ्याचा वकील कागद तपासताना पहिला प्रश्न विचारतो, "बहिणी किती? त्यांच्या सह्या कुठे आहेत?" कायदा त्या वकिलाला पाठ आहे. २०२१ मध्ये खडकवासला, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी अशी तेवीस गावं पुणे महापालिकेत गेली. एकराचा हिशेब संपला, गुंठ्याचा आला. भाताचं खाचर होतं तोवर बहिणीची आठवण नव्हती, कारण त्याला मोल नव्हतं.

हा हक्क कुणी सहज दिलेला नाही. स्वातंत्र्यानंतर बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री असताना त्यांनी हिंदू कोड बिल पुढे नेलं. मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा, हा त्यातला एक मुद्दा होता. हंसा मेहता, रेणुका राय, दुर्गाबाई देशमुख यांच्यासारख्या बायका सभागृहात त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. पण विरोध किती! जमिनीचे तुकडे होतील. भावाबहिणीचं प्रेम आटेल. जावई घरात घुसून वाटणी मागेल. कुटुंब मोडेल. ऐकलंय ना हे सगळं? सत्तर वर्षं झाली, मुद्दे तेच आहेत. बोलणारे फक्त सभागृहातून चावडीवर आलेत. शेवटी सप्टेंबर १९५१ मध्ये ते बिल बाजूला पडलं आणि बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मंत्रिपद सोडण्यामागे त्यांची आणखीही कारणं होती. पण बायकांच्या कायद्यासाठी खुर्ची सोडणारा मंत्री म्हणून त्यांचं नाव आपल्याला माहीत हवं.

तुकड्यांचा मुद्दा मला नेहमी गमतीचा वाटतो. चार भावांत वाटणी झाली की जमिनीचे चार तुकडे होतात, तेव्हा कुणी कुरकुरत नाही. पाचवा वाटा बहिणीचा म्हटलं की सगळ्यांना जमिनीची काळजी वाटायला लागते.

पुढे त्या बिलाचे वेगवेगळे कायदे झाले. वारसाचा कायदा १९५६ मध्ये आला. संसदेत तो मांडणारे, कायदा खात्याचे मंत्री हरि विनायक पाटसकर आपल्या महाराष्ट्राचेच, जळगावचे खासदार. त्या कायद्याने मुलगी वारस झाली, विधवा वारस झाली, आणि बाईला मिळालेली मिळकत पूर्णपणे तिची झाली. पूर्वी विधवेला जमीन फक्त जगेपर्यंत वापरायला मिळायची, विकता येत नव्हती. ते संपलं. हे लहान काम नव्हे.

पण दोन दारं बंदच राहिली. एक वडिलोपार्जित जमिनीचं. तीत मुलगा जन्मापासून हिस्सेदार, मुलगी नाही. वडील गेल्यावर वडिलांच्या वाट्यातला तुकडा तिला मिळणार, तेवढाच. दुसरं दार घराचं होतं आणि ते मला जास्त टोचतं. कायद्यात कलम २३ होतं. वडिलांच्या राहत्या घरात मुलगे राहत असतील, तर ते स्वतःहून वाटणी करेपर्यंत मुलीने वाटणी मागायची नाही. त्या घरात राहण्याचा हक्क तिला कधी? ती अविवाहित असेल, विधवा असेल, नवऱ्याने टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी राहणारी असेल तर. सुखाने नांदत असेल तर नाही. म्हणजे जन्मलो त्या घरात परत जायला आधी आपलं वाटोळं व्हायला हवं. कायद्याने असं लिहिलं होतं आणि ते २००५ पर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं लागू होतं.

मध्ये १९९४ मध्ये महाराष्ट्राने आपली स्वतःची दुरुस्ती केली. मुलीलाही जन्मापासून हिस्सा, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्यांना नाही. आमच्या एका गटात सख्ख्या बहिणी आहेत. मोठीचं लग्न त्याआधीचं, धाकटीचं नंतरचं. आई एक, बाप एक, पण हिस्सेदार एकटी धाकटी. मोठीने विचारलं होतं, "मी लवकर उजवले हा माझा गुन्हा का?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर २००५ मध्ये मिळालं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यसभा आणि लोकसभा दोन्हीकडे दुरुस्ती मंजूर झाली आणि ९ सप्टेंबर २००५ पासून ती लागू झाली. लग्न झालेली असो वा नसो, मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार. घराचं कलम २३ रद्द झालं. आणि शेतजमीन! आधी मांडलेल्या बिलात शेतजमिनीची अडचण तशीच राहिली होती. बीना अगरवाल नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी आणि महिला संघटनांनी रान उठवलं, खासदारांना गाठलं, आणि शेतजमीनही आत आली. ते झालं नसतं तर खेड्यातल्या बाईच्या हाती काय लागलं असतं? आपल्याकडे मिळकत म्हणजे शेतच ना?

तरी वाद राहिलाच. "वडील २००५ च्या आधी वारले, आता तुझा काय संबंध?" असं भाऊ म्हणायचे, आणि काही वर्षं कोर्टही तसं म्हणालं. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा यांच्या खटल्यात ते मिटवलं. हक्क जन्माने येतो, त्यामुळे २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी किंवा विक्री झाली असेल तर ती उकरता येत नाही. आणि "आमची तोंडी वाटणी कधीच झालीय" असं नुसतं म्हणून भागत नाही, त्याला सरकारी कागदाचा भक्कम पुरावा लागतो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ती तोंडी वाटणी आपल्या भागात फार वेळा ऐकू येते. हेही लक्षात ठेवा की वडिलांनी स्वतःच्या कमाईने घेतलेली जमीन किंवा घर ते मृत्युपत्र करून कुणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल तरच तिथे मुलगी, मुलगा, पत्नी, आई सारख्या वाट्याचे वारस होतात.

आता दुसरी गोष्ट. आपल्या गटांत एकाच सतरंजीवर मराठा बाई बसते, बौद्ध बाई बसते, मुसलमान बाई बसते, महादेव कोळी आणि कातकरी बाईही बसते. वहीत सगळ्यांची बचत सारखी. पण देशात सगळ्यांचा वारसाचा कायदा एक नाही. मघाशी सांगितला तो हिंदू वारसा कायदा बौद्ध, जैन, शीख बायकांना लागू आहे. मुसलमान बायकांचा स्वतःचा कायदा आहे आणि त्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा मिळतो. आणि अनुसूचित जमातींना हा १९५६ चा कायदा लागूच नाही, तसं त्याच्या कलम २ मध्ये लिहिलंय. तिथे समाजाची चालरीत चालते. चालरीत सांगणार कोण? पुरुषच. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सांगितलं की मुलींना वगळणारी रीत सिद्ध केलेली नसेल, तर फक्त बाई म्हणून तिच्या वारसांचा वाटा नाकारता येणार नाही. निकाल चांगला आहे, पण संसदेने अजून कायदा केलेला नाही.

आदिवासी बायकांसाठी संसदेतली दुसरी मोठी लढाई वनहक्क कायद्याची. डिसेंबर २००५ मध्ये बिल आलं, तेव्हा त्यात वनजमीन कसत असल्याचा पुरावा १९८० च्या आधीचा मागितला होता. संयुक्त समितीपुढे देशभरातून माणसं बोलली, आणि ती तारीख १३ डिसेंबर २००५ वर आली. मर्यादा अडीच हेक्टरवरून चार हेक्टर झाली. बिगर आदिवासी वनवासीही आत आले, त्यांना मात्र पंचाहत्तर वर्षांचा पुरावा लागतो. डिसेंबर २००६ मध्ये कायदा मंजूर झाला. त्यातली मला सगळ्यात आवडणारी ओळ कलम ४ मधली आहे. नवराबायको असतील तर पट्टा दोघांच्या नावे. "हवं तर" असं नाही, दोघांच्याच नावे. हिंदू वारसा कायद्याने इतकी वर्षं घासाघीस केली आणि अजूनही पत्नीला नवऱ्याच्या हयातीत त्याच्या जमिनीवर नाव मिळत नाही. ते जंगलातल्या बाईला एका ओळीत मिळालं. कागदावर तरी.

कातकऱ्यांचं दुखणं आणखी खालचं. पानशेत, वेल्ह्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला वाड्या दिसतात ना? बऱ्याचदा झोपडीखालची जागाच दुसऱ्याच्या मालकीची असते. घरकुल मंजूर होतं आणि बांधायला जागा नसते. २०२३ पासून पीएम जनमनमध्ये कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींना घरं द्यायची योजना आहे, पण पायाखालची माती आपली नसेल तर विटा कुठे रचणार? जागामालकाला चांगला भाव मिळाला की वाडी हलते. या वाडीतल्या बाईला "सातबारा काढ" म्हणणं म्हणजे चेष्टाच. तिच्यासाठी गटाने ग्रामसभेत उभं राहून गावठाणातली जागा मागायला हवी, आणि आपल्यातल्या ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांच्या घरातूनच त्याला विरोध होतो, हेही मी बघितलंय.

विरोधावरून आठवलं. नणंदेला वाटा द्यायचा म्हटलं की घरात सगळ्यात आधी कुणाच्या कपाळाला आठी पडते? भावाच्या नाही, भावजयीच्या. आणि तीच भावजय स्वतःच्या माहेरच्या सहीचा फोन आला की आमच्याकडे विचारायला येते. मी तिला दोष देत नाही. नवऱ्याच्या जमिनीवर तिचं नाव नाही, म्हणून ती नणंदेचा वाटा आपल्या पोरांच्या तोंडचा घास समजते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली होती. पुढे २००३ मध्ये सरकारने "घर दोघांचे" म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर पत्नीचं नाव लावायला सांगितलं. आपल्या गटातल्या किती जणींच्या घरावर ते लागलंय, एकदा हात वर करून मोजा.

माहेर तुटेल ही भीती खोटी नाही. भावाचा दरवाजा बंद झाला तर आजारपणात, भांडणात कुठे जायचं, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात नाही. म्हणून मी कुणालाही "भावावर केस कर" असं सांगत नाही. वाटा घ्या, किंवा दोन गुंठे घ्या, किंवा पैसे घ्या, किंवा आनंदाने सोडून द्या. पण सोडण्याआधी गट नंबर, क्षेत्र आणि बाजारभाव बघा. नोंदवलेलं हक्कसोड पत्र मागे फिरवणं फार अवघड असतं. फोन आला तर एवढंच म्हणा, "दादा, कागदाचा फोटो पाठव, आठ दिवसांनी येते." खरा भाऊ आठ दिवस थांबतो.

त्या आठ दिवसांत काय करायचं ते सांगते. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत निघतो. तो काढा, आठ-अ काढा, आणि जुने फेरफार मागा. वडील वारल्यावर वारसनोंद झाली का आणि तीत तुमचं नाव घेतलं का, हे फेरफारातच कळतं. नाव वगळलं असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी जोडून तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नव्या नोंदीची नोटीस आली तर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, ती नोटीस देवळीत ठेवून देऊ नका. भूसंपादन होणार असेल तर आणखी घाई करा, कारण मोबदला सातबाऱ्यावरच्या नावांना मिळतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि टाकलेली बाई वेगळं कुटुंब धरली जाते, हे तिथल्या अधिकाऱ्याला विचारताना ठामपणे सांगा. वकील लागला तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील फुकट मिळतो. फोन नंबर १५१००.

पुढच्या भागात फेरफाराची नोटीस ओळीनेओळ वाचू. ज्यांच्या घरी जुनी नोटीस असेल त्यांनी ती गटाच्या बैठकीत आणा, नावं झाकून वाचून दाखवीन.